जुनी इंग्लिश बशी उलटी करून कशी वाचायची

स्टोक-ऑन-ट्रेंट म्हणजे इंग्लंडमधलं चिनी मातीच्या भांड्यांचं शहर. तिथल्या लोकांना एक खोड आहे, कुठेही जेवायला बसवा, प्लेट पुढे आली की ती आधी उलटी करून खाली कुणाचा शिक्का आहे ते बघणार (वाढायच्या आधी, अर्थात). पिढ्यान्‌पिढ्या घरातलं कुणी ना कुणी भांड्यांच्या कारखान्यात होतं, त्यामुळे सवयच लागलीय. हीच खोड आपणही उचलायची. भिंग, मोबाइलचा टॉर्च आणि ओलं मऊ फडकं, एवढंच लागतं. फक्त शिक्का घासू नका, सोनेरी असेल तर चक्क निघून येतो.

आधी चौकट बघा. उभ्या हिऱ्याच्या आकाराचा शिक्का आणि डोक्यावर गोलात रोमन चार असेल तर ते डिझाइन 1842 ते 1883 मध्ये रजिस्टर झालेलं. हिऱ्याच्या आत वरच्या कोपऱ्यात अक्षर असेल तर 1867 पर्यंतचं, आकडा असेल तर 1868 पासूनचं. 1884 पासून हिरा गेला आणि नुसता ‘आरडी नंबर’ (म्हणजे रजिस्टर क्रमांक) आला. पण ही तारीख डिझाइनची असते हं, तुमच्या हातातली बशी त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघालेली असू शकते. ‘इंग्लंड’ असं छापलंय? मग बहुतेक 1891 नंतरची, कारण अमेरिकेच्या टॅरिफ कायद्याने तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. ‘मेड इन इंग्लंड’ म्हणजे साधारण विसावं शतक. आणि नवशिक्यांची हमखास चूक, ‘स्थापना 17 अमुक’ वाचून भांडंच तेवढं जुनं समजणं. ते वर्ष कंपनीचं असतं, भांड्याचं नाही.

नावातही गंमत आहे. ‘वेजवुड’ दिसलं की लगेच हुरळून जाऊ नका. अठराव्या शतकातला नामांकित कारखानदार जोसाया वेजवुड, त्याची कंपनी वेगळी आणि टन्स्टॉलची ‘वेजवुड अँड कंपनी’ वेगळी, आणि मध्ये एक जादा ‘ई’ घातलेलं स्पेलिंग असेल तर तो स्टॅफर्डशायरचा, म्हणजे स्टोकच्या परगण्याचा मालसुद्धा नाही, दुसरीकडच्या कारखानदाराने नावाचा फायदा घेतलेला.

मग गावाचं नाव शोधा. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅनली, स्टोक, फेंटन, लाँगटन, ही सहा गावं 1910 मध्ये एक होऊन स्टोक-ऑन-ट्रेंट झालं आणि 1925 मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला, तरी तिथला माणूस आजही आधी आपल्या गावाचं नाव सांगतो. हा धंदा इथेच का जमला तर कोळशामुळे. भट्टीला मातीपेक्षा कोळसा कितीतरी जास्त लागतो, आणि कोळसा इथे पायाखालीच होता, म्हणून कोळशाला मातीकडे न्यायचं सोडून कॉर्नवॉलची पांढरी माती जहाजाने आणि मग कालव्यातून इकडे आणली. त्या कालव्याची पहिली कुदळ 1766 मध्ये जोसायानेच मारली, तो पूर्ण झाला 1777 ला, आणि पठ्ठ्याने आपला एट्रुरियाचा कारखाना कालव्याच्या काठावर 1769 मध्येच सुरू करून ठेवला होता!

बशी टॉर्चसमोर धरा. मागे बोटांची सावली दिसली तर बोन चायना असण्याची शक्यता चांगली. त्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते.

इथवर आपण मालकाचं नाव वाचलं. माझ्या मते खरी मजा पुढे आहे, कामगारांच्या खुणांत. निळ्या छापाची बशी असेल तर काठाच्या नक्षीवरून भिंग हळूहळू फिरवा. कुठेतरी एक फूल अर्धंच कापलेलं सापडेल, किंवा वेल पुढच्या वेलीला नीट जुळलेली नसेल. तो जोड आहे. तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र पातळ कागदावर उठवायचं काम छापणाऱ्याचं, कागद कातरायचं काम एखाद्या पोरीचं, आणि तो भांड्यावर बसवून ताठ ब्रशने घासायचं काम बायांचं. ते न जुळलेलं फूल म्हणजे कुणाच्या तरी हाताची घाई. तळाशी तीन बारीक टोचे दिसले तर ते भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये ठेवलेल्या टेकूंचे. आणि शिक्क्याशेजारी हाताने रंगवलेली एखादी रेघ, ठिपका किंवा आकडा असेल तर तो बहुतेक वेळा रंगवणाऱ्या बाईची खूण, कारण पैसे नगावर मिळायचे.

नगावर म्हणजे तरी कसे, तर बऱ्याच ठिकाणी भट्टीतून धड निघालेल्या नगांचेच. भट्टी लावणाऱ्याने घोळ घातला तरी भुर्दंड भांडं घडवणाऱ्याला, यावरून तिथे वर्षानुवर्षं भांडणं झाली.

तिथल्या कुणाच्या पूर्वजांचा शोध घेत असाल तर ब्रिटिश जनगणनेच्या नोंदींत धंद्याचा कॉलम नीट वाचा. ‘मोल्ड रनर’ म्हणजे ओल्या बशीसकट साचा उचलून तापलेल्या खोलीत पळत नेणारं पोर. 1840 च्या दशकात सरकारी चौकशीत या मुलांचे हाल नोंदले गेले, पण कारखाना कायदा पॉटरीला लागू व्हायला 1864 उजाडलं. ‘डिपर’ म्हणजे ग्लेझमध्ये, म्हणजे चकाकी देणाऱ्या लेपात, भांडी बुडवणारा, ग्लेझमध्ये शिसं, त्यामुळे विषबाधा ठरलेली. आणि सगळ्यात भन्नाट, ‘सॅगर मेकर्स बॉटम नॉकर’, भट्टीत भांडी ज्या मातीच्या डब्यांत ठेवायचे त्या डब्यांचे तळ ठोकून देणारा. हसू नका, खरंच असं पद होतं.

त्या बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या आता पन्नासच्या आत उरल्यात. 1956 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर त्या बंद पडत गेल्या, शेवटची 1978 मध्ये लाँगटनला मुद्दाम पेटवून दाखवली. तिथल्या ग्लॅडस्टोन म्युझियममध्ये भट्टीच्या आत उभं राहता येतं, आणि शिक्के पडताळायला हॅनलीच्या म्युझियममधला संग्रह बघा.

बशी परत सरळ ठेवायच्या आधी फोटो काढा, शिक्क्याचा एक आणि त्या कापलेल्या फुलाचा एक.