आमदाराला खर्चाचा आणि व्यवसायावरच्या कराचा प्रश्न सभागृहात मांडायला कसं लावायचं

दुकानदार, छोटे कारखानदार, असोसिएशनवाले, सगळेच आमदाराकडे जातात आणि बहुतेकांचं म्हणणं एवढंच असतं की साहेब टॅक्स फार झालेत, सरकार पैसे उधळतंय, काहीतरी करा. साहेब ऐकून घेतात, पीए निवेदन फाईलला लावतो आणि विषय तिथेच थांबतो. आमदाराला मनापासून काळजी असली तरी एवढ्यावर त्याला सभागृहात काहीच करता येत नाही, तिथे कर कुठला, खातं कुठलं, रक्कम किती हे लागतं. ते तुम्ही तयार करून न्यायचं.

आधी कर कोणाच्या हातात आहे ते बघा. जीएसटीचा दर मुंबईत विधानभवनात ठरत नाही, तो जीएसटी परिषदेत ठरतो, तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. आमदार फार तर राज्याच्या अर्थमंत्र्यांना विचारू शकतो की परिषदेत आपण काय भूमिका घेतली. दुकानाच्या मालमत्ता कराचा आकडा पालिकेत ठरतो, तिथे नगरसेवक गाठा. राज्याच्या हातात उरतात व्यवसाय कर, पेट्रोल-डिझेल आणि दारूवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क आणि मोटार वाहन कर. आमदाराकडे जायचं ते यासाठी.

व्यवसाय कराचंच घ्या. कायदा राज्याचा, १९७५ चा, पण वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाता येत नाही कारण ती मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये आहे (म्हणून तर पगारातून दर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, बेरीज बरोबर २,५००). मर्यादा बदलणं राज्याच्या हातात नाही, पण त्याच्या खालचे टप्पे, कोणाला सूट, मालकाची स्वतःची नोंदणी वेगळी आणि कामगारांसाठीची वेगळी, उशिराची फी, हे सगळं राज्याच्या कायद्यात आहे. त्यामुळे "व्यवसाय कर रद्द करा" म्हणण्यापेक्षा "दोन नोंदण्यांची एक करा" ही मागणी कितीतरी पुढे जाते असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सभागृहात बोलून काही होत नाही असं समजू नका. मार्च २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर आला होता, त्याच अधिवेशनात विधान परिषदेत विषय निघाला आणि मुख्यमंत्र्यांनी तो कर लावणार नाही म्हणून तिथेच सांगितलं.

आता खर्च. कराची तक्रार खर्चाशिवाय अर्धीच राहते, कारण मंत्री लगेच विचारणार की हा कर सोडला तर पैसा आणायचा कुठून. वित्त विभागाच्या वेबसाइटवर "अर्थसंकल्प संक्षेपात" मिळतं, तिथून सुरुवात करा. २०२५-२६ चं बजेट बघा, महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे ४५,८९१ कोटींची तूट पहिल्याच दिवशी मान्य केलेली. मग जून २०२५ च्या शेवटी पावसाळी अधिवेशन सुरू झालं आणि ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या (बजेटच्या वर मागितलेला जादा पैसा) आल्या, मार्चमध्ये बजेट मांडून चार महिनेसुद्धा झाले नव्हते. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. बजेटवर निदान चार दिवस चर्चा तरी होते, पेपरात येतं, पुरवणी मागण्या मात्र गोंधळात भराभर मंजूर होतात आणि पैसा कुठे गेला ते नंतर कोणी बघत नाही. आमदाराला पुरवणी मागण्यांची पुस्तिका मिळते, ती मागून घ्या आणि आपल्या विषयाच्या विभागाची पानं वाचा.

विभागाच्या बजेट पुस्तकात एकेका लेखाशीर्षासमोर (म्हणजे खर्चाच्या एकेका बाबीसमोर) वेगवेगळे रकाने असतात, मागच्या काळातला प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज (म्हणजे वर्ष चालू असताना बदललेला आकडा) आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. अंदाज आणि सुधारित अंदाज यात मोठा फरक दिसला की तिथे पेन्सिलने खूण करा, तुमचा प्रश्न तिथेच आहे. कर्जाचं व्याज यात धरू नका, तो भारित खर्च असतो, त्यावर चर्चा होते पण मतदान होत नाही.

आता प्रश्न लिहा, आणि विधिमंडळात चालतो त्याच साच्यात लिहा म्हणजे पीएला नव्याने लिहावं लागत नाही. समजा प्रोत्साहन योजनेतलं अनुदान लघुउद्योगांना मिळालेलं नाही. मग असं लिहायचं: (१) अमुक जिल्ह्यातील लघुउद्योगांचे प्रोत्साहन अनुदानाचे दावे जिल्हा उद्योग केंद्रात प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय? (२) असल्यास, प्रलंबित दाव्यांची संख्या व रक्कम किती आहे? (३) सन २०२५-२६ मध्ये यासाठी किती तरतूद होती व त्यापैकी किती वितरित झाली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

संख्या आणि रक्कम विचारायची विसरू नका, नाहीतर "हे अंशतः खरे आहे" आणि "प्रश्न उद्भवत नाही" अशी दोन ओळींची उत्तरं येतात आणि हाताशी काही लागत नाही. सोबत दोन-तीन युनिटच्या अर्जाची पोच आणि विभागाची पत्रं जोडा, आमदाराला उपप्रश्न विचारायला तेच कामी येतं.

वेळ फार महत्त्वाची. तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) अधिवेशन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, मार्चच्या बजेट अधिवेशनासाठी मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही, जानेवारीतच भेटा. उशीर झालाच तर तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना आहे, विभागाच्या खर्चाच्या मागणीवर रक्कम कमी करा म्हणणारी कपात सूचना आहे. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, म्हणून एकाच आमदारावर थांबू नका, शेजारच्या मतदारसंघातल्या, दुसऱ्या पक्षाच्या आमदारालाही तोच प्रश्न द्या. कराच्या विषयात पक्ष बघत बसू नका. आपला आमदार लोकलेखा समितीवर (सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी आमदारांची समिती) असेल तर कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेबांच्या लेखापरीक्षकांच्या, अहवालातला तुमच्या विभागाचा परिच्छेद त्याच्या हातात द्या, तिथे अधिकाऱ्यांना बसून उत्तरं द्यावी लागतात.

उत्तर आलं की छापील प्रत मागून घ्या. मंत्री "तपासून निर्णय घेऊ" म्हणाले असतील तर ते आश्वासन आहे आणि त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, तारीख आणि प्रश्न क्रमांक लिहून आमदारामार्फत तिथे पत्र द्या. पुढचं बजेट आलं की त्याच लेखाशीर्षाचा सुधारित अंदाज उघडून बघा, आकडा तसाच असला तर जुन्या उत्तराची प्रत जोडून पुढच्या अधिवेशनासाठी अर्धा तास चर्चेची सूचना द्यायला सांगा.