लिव्हर अ‍ॅक्शन रायफलमध्ये काडतूस अडकतंय? मार्लिन ३३६ आणि १८९४ ची तपासणी व दुरुस्ती

लिव्हर अ‍ॅक्शन, म्हणजे चापाभोवतीची दांडी (लिव्हर) खाली-वर करून चालणाऱ्या रायफलीत काडतूस अडकायला लागलं की पहिला हात कानशीकडे जातो, आणि चांगल्या रायफली तिथेच बिघडतात. घासून काढलेलं पोलाद परत बसवता येत नाही. म्हणून काडतूस नेमकं कुठे थांबतंय हे कळेपर्यंत काहीही घासू नका. त्याची वाट अशी असते: बॅरलखालच्या मॅगझिनच्या नळीतून (इथे काडतुसं भरून ठेवतात) कॅरिअरवर (काडतूस उचलणारी पट्टी), कॅरिअरबरोबर वर, बोल्टच्या (मागून ढकलणारा सरकता भाग) धक्क्याने चेंबरमध्ये (बॅरलचं मागचं टोक, जिथे काडतूस झाडलं जातं), आणि शेवटी रिकामं पितळ (काडतुसाचं कवच) बाहेर. यातल्या प्रत्येक ठिकाणच्या बिघाडाचं लक्षण वेगळं असतं.

हे मुख्यतः अमेरिकेतल्या मार्लिन ३३६ (३०-३०, ३५ रेमिंग्टन) आणि १८९४ (४४ मॅग्नम, ३५७ मॅग्नम) या रायफलींसाठी लिहिलं आहे. भारतात शस्त्रांची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे इथल्या परवानाधारकांनी रायफल परवाना असलेल्या दुकानातच द्यावी. तिथे लक्षण नेमकं सांगता आलं तरी अर्धं काम होतं.

आधी रायफल रिकामी करा. लिव्हर पूर्ण उघडून चेंबरमध्ये बोट घालून पाहा, मग कॅरिअरच्या पुढे मॅगझिनच्या तोंडाशी उजेड टाकून बघा. नळीत अडकून राहिलेलं एखादं काडतूस बाहेरून दिसत नाही आणि नंतर अचानक मागे येतं. चाचणीसाठी खरी काडतुसं कधीही वापरू नका. दारू आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) नसलेली पाच-सहा डमी काडतुसं ठेवा. पितळेला आरपार भोक पाडलेलं असेल तर ती खऱ्या काडतुसांत मिसळत नाहीत. डमीची लांबी मात्र खऱ्या काडतुसाइतकीच हवी, नाहीतर चाचणीला अर्थ राहत नाही.

आता खांद्याला लावून, नेम धरल्यासारखी, लिव्हर टोकापर्यंत जोमाने मारा. खाली पूर्ण, वर पूर्ण. भीतभीत अर्धवट लिव्हर मारणं हे अडकण्याचं फार मोठं कारण आहे. विंचेस्टर ९४ या दुसऱ्या लिव्हर रायफलीत तर ते जास्तच जाणवतं, कारण तिथे कॅरिअर लिव्हरच्या अगदी शेवटच्या टप्प्यात झटक्याने वर येतो. पूर्ण लिव्हरला सगळी डमी नीट जात असतील तर रायफलीत दोष नाही, सवय बदला.

तरीही अडत असेल तर व्हर्नियर काढून काडतुसं मोजा. ३०-३० ची कमाल लांबी २.५५० इंच, ४४ मॅग्नमची १.६१० आणि ३५७ मॅग्नमची १.५९०. या आकड्यांच्या वर गेलेलं काडतूस कॅरिअरवर मावत नाही. त्याचं टोक नळीच्या तोंडात राहतं आणि कॅरिअर उचलला जात नाही. फार आखूड असेल तर त्याच्यामागचं काडतूस नळीतून डोकं बाहेर काढतं. ३५७ च्या रायफलीत ३८ स्पेशलची सपाट वॉडकटर (गोळी पितळेत पूर्ण आत बसलेली, म्हणून आखूड) काडतुसं चालत नाहीत ती याच कारणाने. घरी भरलेल्या काडतुसांत आणखी एक गोष्ट होते. क्रिंप (गोळीभोवती पितळेची कड दाबून केलेली पकड) कच्चा असेल तर स्प्रिंगच्या दाबाने आणि गोळीबाराच्या धक्क्याने गोळी पितळेत आत सरकते. नळीत जाताना बरोबर असलेली लांबी बाहेर येताना कमी झालेली असते. म्हणून पाच काडतुसं भरून, दोन झाडून, उरलेली तीन काढून पुन्हा मोजा.

गोळीचा आकारही बघा. गोलसर पण सपाट नाकाची गोळी सगळ्यात सहज जाते. खांद्याला धार असलेली सेमी-वॉडकटर चेंबरच्या कडेला अडते. टोकदार कडक गोळ्या नळीच्या मॅगझिनमध्ये घालूच नका. तिथे एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं आणि धक्क्याने नळीतच स्फोट होऊ शकतो.

काडतूस कॅरिअरवर येतच नसेल, किंवा रेंगाळत येत असेल, तर दोष नळीकडे आहे. नळीच्या पुढच्या टोकाच्या बुचाचा स्क्रू काढताना अंगठा बुचावर दाबून ठेवा आणि चेहरा बाजूला, कारण स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग आणि फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाचा, काडतुसं ढकलणारा तुकडा) बाहेर काढून एक डमी नळीत सोडा. ते फक्त स्वतःच्या वजनाने खाली गेलं पाहिजे. मध्येच थांबलं तर नळीला पोचा आहे, आत गंज आहे, किंवा बॅरलला नळी धरणाऱ्या पट्टीचा स्क्रू जास्त आवळला आहे. हा शेवटचा दोष मिनिटभरात निघतो, आणि बहुतेकांना तो सुचतच नाही. स्क्रू अर्धा फेरा सैल करून पुन्हा डमी सोडून पाहा. फॉलोअरच्या कडेला कणी उठली असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा. नळी पुसून कोरडी ठेवा. आत ओतलेलं तेल धूळ धरतं आणि प्रायमरपर्यंत पोचतं.

आता मार्लिनच्या खास दुखण्याकडे. जाणकार त्याला ‘मार्लिन जॅम’ म्हणतात. लिव्हर मध्येच घट्ट बसतो, ना उघडतो ना मिटतो. खाली पाहिलं तर एक काडतूस कॅरिअरवर असतं आणि दुसरं नळीतून अर्धवट बाहेर येऊन कॅरिअरच्या नाकाशी अडकलेलं. लिव्हरला जोर देऊ नका, तो वाकेल. रायफलीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बाजूला उभं राहून बूच काढा आणि स्प्रिंगचा ताण सोडा. मग भरण्याच्या झडपेतून पितळेच्या किंवा लाकडी काडीने बाहेर डोकावणारं काडतूस नळीत परत ढकला. लिव्हर आपोआप मोकळा होतो.

कारण साधं आहे. लिव्हरच्या पुढच्या टोकाला शंखाच्या वळणासारखा कॅम (फिरताना दुसरा भाग उचलणारा उंचवटा) असतो. त्याच्या टेकूवर कॅरिअरचं नाक योग्य वेळी किंचित वर राहतं आणि मागच्या काडतुसाची वाट अडवतं. कारखान्यातून या कॅमची कड धारदारच राहिली असेल तर ती कॅरिअरच्या खालच्या बाजूला हळूहळू खाच पाडते. खाच खोल झाली की कॅरिअर तेवढा खाली बसतो, आणि दुसरं काडतूस निसटतं.

बघायला सोपं आहे. लिव्हर अर्धा उघडा, त्याच्या खिळीचा स्क्रू काढा, लिव्हर बाहेर घ्या, बोल्ट मागून ओढून काढा. डाव्या भिंतीला बसणारा इजेक्टर (रिकामं पितळ बाहेर उडवणारा भाग) आता सुटा होतो, तो हरवू नका. खालून टॉर्च मारून कॅरिअरवर चकचकीत चर दिसतोय का बघा. नख अडण्याइतका चर असेल तर तोच गुन्हेगार.

दुरुस्ती दोन भागांत, आणि पहिला भाग टाळला तर दुसरा वाया जातो. प्रथम कडक ऑइल स्टोनने कॅमची फक्त धार मारा. कड बोटाला गुळगुळीत लागली की थांबा. कॅमचा गोलवा बदलला तर सगळी वेळच चुकते. त्यानंतर कॅरिअरची खाच भरायची. दस्ता, घोडा आणि खालची चापाची पट्टी काढल्यावर कॅरिअरचा बाहेरून बसणारा स्क्रू सोडून तो निघतो. फिलर गेजच्या (फटी मोजायच्या पातळ पात्यांचं साधन) जुन्या पात्यातून खाचेच्या मापाचा तुकडा कापा, दोन्ही पृष्ठभाग खरवडून ग्रीस पूर्ण काढा आणि चांगल्या इपॉक्सीने चिकटवा. पातळ पात्यापासून सुरुवात करा. पातं जाड झालं तर कॅरिअर फार वर राहतो आणि काडतूस नळीतून बाहेरच येत नाही. कायमचं काम हवं असेल तर गनस्मिथकडून टिग वेल्डिंगने भरून घ्या. नवा कॅरिअर बसवणं सोपं, पण लिव्हरची धार तशीच असेल तर त्यालाही तोच चर पडेल. रुगर या शस्त्र कंपनीने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतल्यानंतरचे सुटे भाग जुन्या रायफलीत हाताने जुळवून घ्यावे लागू शकतात, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा.

काडतूस कॅरिअरवर व्यवस्थित आलं, पण लिव्हर मिटताना वर न जाता गोळीचं नाक चेंबरच्या खाली धडकत असेल, तर कॅरिअरवरचा छोटा रॉकर तपासा. त्याच्याखालची स्प्रिंग तुटलेली किंवा मळाने बसलेली असते. दाबल्यावर तो उसळून वर यायला हवा.

रिकामं पितळ आतच राहत असेल तर एक्स्ट्रॅक्टरची (पितळ चेंबरमधून ओढणारा आकडा) पकड आणि इजेक्टरची पाती पाहा. बहुतेकदा मळच असतो. पाती तडकलेली असेल तर सरळ बदला.

जोडताना आधी इजेक्टर, त्याचा खुंट भिंतीतल्या भोकात. मग बोल्ट, मग लिव्हर, त्याचं टोक बोल्टच्या खाचेत. सक्तीने काहीच बसत नाही. बसत नसेल तर इजेक्टर जागेवरून हललेला असतो.

सहा डमी भरून दहा वेळा पूर्ण मॅगझिन रिकामं करा: निम्म्या वेळा सावकाश पण पूर्ण लिव्हरने, निम्म्या वेळा जोरात. शेवटचं काडतूस मुद्दाम पाहा, कारण तेव्हा स्प्रिंगचा दाब सगळ्यात कमी असतो. हे सगळं निर्दोष झालं की रेंजवर आधी एक खरं काडतूस, मग दोन, आणि मगच भरलेली नळी.