काळ्या मातीत उतरावं लागलं तर पुढचं चाक वाचवा

सप्टेंबरात गोंदियाहून नागपूरला परत येत होते. सेसना १५२ हे छोटं शिकाऊ विमान, इंजिन ठणठणीत. पण मौद्याजवळ ढग एवढे खाली आले की कन्हान नदी दिसेना. मी शेतात उतरले. आम्ही दोघंही सुखरूप बाहेर पडलो, विमानाचा पुढचा पाय मात्र मोडला आणि प्रोपेलर जमिनीत घुसला. त्या दिवशी माझं काय चुकलं, ते शिकाऊ वैमानिकांनी आधीच जाणून घ्यावं म्हणून हे लिहिते.

उतरायचं ते इंजिन हाताशी असतानाच ठरवा. खाली जाण्याआधी तीनदा ‘पॅन पॅन’ (तातडीची हाक) म्हणून सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळाला, ठिकाण कळवा. खूप खाली गेल्यावर रेडिओ पोहोचत नाही. नागपूरची जमीनच समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंच आहे. अल्टिमीटर (उंचीमापक) १,५०० दाखवतो तेव्हा खाली जेमतेम पाचशे उरलेले असतात.

मग शेत बघा. मी इथेच घाई केली. एकच फेरी मारली, तीही उंचावरून. वरून सोयाबीन हिरव्या सतरंजीसारखं सपाट दिसलं आणि त्यात दडलेला धुरा, म्हणजे बांध, दिसलाच नाही. २० अंश फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा), वेग ६० नॉट (ताशी सुमारे ११० किमी) ठेवून शेताच्या कडेने खालून जा. धुरे, विहीर, विजेच्या तारा, तुरीचे खुंट शोधा. तारेपेक्षा खांब आधी दिसतो, म्हणून खांब मोजा. संत्र्याची बाग नको. नांगरलेलं असेल तर तासांना समांतर उतरा, आडवं कधीच नाही. शंका आली तर पुन्हा फेरी मारा, त्यासाठीच तर इंजिन चालू आहे.

शेवटच्या टप्प्यात फ्लॅप ३० अंश, वेग ५५ नॉट. ६५ ठेवलात तर जिरवायची ऊर्जा सुमारे चाळीस टक्के वाढते. या विमानाचे फ्लॅप विजेवर चालतात, तेव्हा ते पूर्ण खाली आल्यावरच मास्टर स्विच बंद करा. टेकण्याआधी दारांच्या कड्या काढा.

मागचे दोन पाय स्प्रिंग स्टीलचे, ते धक्का सोसतात. पुढचा पाय हवा-तेलाचा, थेट इंजिनामागच्या फायरवॉलला जोडलेला. आणि प्रोपेलर जमिनीपासून फूटभरच वर. म्हणून मागच्या चाकांवर टेका आणि योक (विमानाचं हँडल) पोटाशी ओढून धरा, विमान थांबेपर्यंत. ओल्या काळ्या मातीत ब्रेकला पाय लावू नका. चिखलच थांबवतो, आणि ब्रेक लावला की सगळा भार नाकावर येतो. माझा योक धुऱ्याच्या धक्क्याने सुटला, तिथेच विमानाचा पुढचा पाय गेला.

थांबल्यावर इंधन बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद आणि बाहेर पडून लांब व्हा. गावकरी धावत येतील, पाणी देतील, ट्रॅक्टरही आणतील. पाणी घ्या, बिडी विझवायला सांगा, आणि तपास अधिकारी येईपर्यंत विमानाला दोर बांधू देऊ नका.