सॉगस आयर्न वर्क्स: काय, कुठून आणि कोणत्या क्रमाने पाहावं

बोस्टनच्या उत्तरेला, सॉगस नदीकाठी १६४६ च्या सुमारास सुरू झालेला हा लोखंडाचा कारखाना १६७० च्या आसपास बंद पडला. आज दिसतात त्या बहुतेक इमारती उत्खननातल्या पुराव्यांवरून उभारून १९५४ मध्ये खुल्या केलेल्या. आता ही जागा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. प्रवेश मोफत. हिवाळ्यात मात्र इमारती बंद असतात, त्यामुळे निघण्याआधी हंगामाचं वेळापत्रक बघूनच घ्या.

पोचल्यावर आधी रेंजरला दोन गोष्टी विचारा: पाणचाक किती वाजता फिरवणार आणि लोहार कधी कामाला बसणार. बाकीचं सगळं त्या वेळांभोवती बसवा. चाक थांबलेलं असताना भट्टीघर आणि घणघर म्हणजे नुसती लाकडाची मांडणी वाटते.

सुरुवात भट्टीच्या माथ्यावरच्या पुलापासून करा. दलदलीतलं लोहखनिज, लाकडी कोळसा आणि मळी (खनिजातला नको असलेला दगडमातीचा भाग) वितळून वेगळी व्हावी म्हणून गॅब्रो दगड, हे सगळं वरून ओतलं जाई. मग खाली उतरून भाते बघा. दोन आहेत. चाकाच्या आसावरचे दांडे एकेक भाता आळीपाळीने खाली दाबतात, आणि दांडा सुटला की दगडांनी भरलेली वजनाची पेटी त्याला पुन्हा वर उचलते. एक रिकामा होतो तेव्हा दुसरा भरतो, म्हणून झोत तुटत नाही. हे नीट कळायला चाकाच्या तोंडाशी गर्दी करण्यापेक्षा भात्यांच्या बाजूला उभं राहा. भट्टी मात्र आता पेटवत नाहीत. वितळलेल्या लोखंडाची धार बघायच्या आशेने जाऊ नका.

भट्टीतून निघे ते बीड. त्यात कार्बन जास्त, घण मारला तर तडकणारं. पुढच्या घणघरात ते पुन्हा तापवून, हवा मारून कार्बन जाळत आणि सुमारे ५०० पौंडांच्या घणाखाली ठोकून घडीव लोखंडाच्या कांबी करत. अनेक जण नेमकं इथेच घाई करतात. कांबी लाटून-चिरून खिळ्यांसाठी सळ्या करणारी गिरणी त्यानंतर बघा, म्हणजे ती कशासाठी आहे ते सांगावं लागत नाही.

लोहार काम करत असेल तर ठिणग्यांपासून लांब राहा. काळं पडलेलं लोखंडही हात भाजण्याइतकं तापलेलं असतं, मुलांना हे आधीच सांगा. उतार आणि ओलसर जमीन आहे, चपला नकोत. नदीकाठच्या ढिगातली काचेसारखी काळी मळी उचलायचा मोह होतो. राष्ट्रीय उद्यानातून काहीही नेणं गुन्हा आहे.