वस्तऱ्याची धार आणि चामोटा

चामोट्यावर, म्हणजे वस्तरा फिरवायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, वस्तऱ्याला धार लागते ही सर्वसाधारण समजूत आहे, पण ती अर्धीच खरी आहे. धार घडते ती पथरीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर. तेथे पोलाद घासले जाऊन पात्याच्या दोन्ही बाजू एका रेषेत मिळतात, आणि नीट लावलेल्या वस्तऱ्यात त्या रेषेची जाडी एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, कमी असू शकते. इतके पातळ पोलाद दाढीच्या केसापुढेही अभंग राहत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असला, तरी कापला जाताना तो वाकतो, ताण कडेच्या एखाद्या कमकुवत जागी एकवटतो आणि तेथून सूक्ष्म टवका उडतो. ते प्रयोग वापरून टाकून द्यायच्या पात्यांवर झाले होते. पण वस्तऱ्याच्या कडेलाही हा मार चुकत नाही, शिवाय साध्या कार्बन पोलादाला ओलाव्यामुळे गंज धरतो तो वेगळाच.

चामोटा यातले जेवढे सावरता येते तेवढे सावरतो. किंचित कललेली कड तो सरळ करतो, सैल झालेले पोलादाचे कण आणि साबणाचा थर काढून टाकतो, पृष्ठभाग गुळगुळीत करतो. उडालेला टवका मात्र तो भरून काढू शकत नाही.

दाढीपूर्वी प्रथम तळहाताने चामडे चोळून त्यावरील धूळ काढावी. चामोट्याला कापडी पट्टा जोडलेला असल्यास त्यावर २० ते ३० फेऱ्या कराव्यात आणि मग चामड्यावर ४० ते ६०; एकदा जाऊन परत येणे ही एक फेरी. वस्तऱ्याची पाठ आणि धार ही दोन्ही चामड्याला टेकलेली असावीत आणि पाठ पुढे, धार मागे अशा रीतीने वस्तरा न्यावा. टोकाशी पोचल्यावर तो पाठीवरच उलटवावा, धारेवर कधीही नाही. धारेवर उलटवला तर चामड्याला काप जातो आणि धारही बिघडते. पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल, तर वस्तरा किंचित तिरपा सरकवत न्यावा, म्हणजे संपूर्ण धारेला चामडे लागते. वेगाची घाई नको. नवख्याने पहिले काही दिवस लोणी लावायच्या बोथट सुरीवर मनगटाचे वळण बसवून घ्यावे, हे उत्तम.

सर्वांत जास्त वस्तरे बिघडतात ते दाबामुळे, असे माझे मत आहे. चामडे मऊ असते. पट्टा सैल धरला किंवा पाते जोराने दाबले, की चामडे खाली दबते आणि धारेच्या मागे लगेच वर उसळून तिच्या अगदी टोकाला अधिक उभ्या कोनात घासू लागते. दोन-चार फेऱ्यांत हे कळत नाही. पण काही आठवड्यांत धार गोलसर होते, केस कापण्याऐवजी ओढले जातात आणि दोष पथरीला दिला जातो. पट्टा ताणून धरावा आणि पात्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाहून फारसा भार देऊ नये.

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावलेला चामोटा ही निराळी गोष्ट आहे. तिच्यातील बारीक कण पोलाद प्रत्यक्ष घासतात, त्यामुळे ते काम पथरीच्या जवळचे आहे. ती रोज वापरू नये आणि तिच्यासाठी चामोटा वेगळा ठेवावा. एकदा पेस्ट लागलेले चामडे पुन्हा साधे होत नाही.

पूर्वी नाभिकाच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर पथरी आणि चामोटा हमखास असे. आता सलूनमधल्या वस्तऱ्यात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे ब्लेड बसवतात, त्यामुळे तेथे चामोट्याचे कामच उरलेले नाही. घरी जुना वस्तरा वापरणाऱ्याला हे सारे स्वतःच शिकावे लागते.

दाढी झाल्यावर वस्तरा धुऊन कोरडा करावा, कापडी पट्ट्यावर पाच-दहा हलक्या फेऱ्या करून धारेवरील पाणी टिपावे आणि बरेच दिवस वापरायचा नसल्यास तेलाचा पातळ हात द्यावा. धार अंगठ्यावर तपासू नये. हातावरचा केस त्वचेपासून थोडा वर सहज तुटतो का, ते पाहावे. चामोट्यावर नीट फिरवूनही दोन-तीन दाढ्या लागोपाठ ओढल्यासारख्या वाटल्या, तर फेऱ्या वाढवत बसू नये, वस्तरा पथरीवर न्यावा.