बंद लूपमधलं काळं पाणी

चिलरच्या (पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) बंद लूपमधला, म्हणजे तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या पाइपांमधला, स्ट्रेनर (गाळणी) सारखा तुंबत होता. उघडला की आत काळा, बारीक गाळ. चुंबक धरला तर चिकटायचा. म्हणजे मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा गंज), आपल्याच पाइपांचं लोखंड.

केमिकलवाल्यांचा सल्ला ठरलेला: इनहिबिटर (गंजरोधक रसायन) वाढवा. पण बंद लूपमध्ये भरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन गंज चढवण्यातच संपतो आणि पुढे गंज जवळपास थांबतो. इथे थांबत नव्हता, म्हणजे नवा ऑक्सिजन कुठून तरी येत होता. मेकअप लाइनवर (लूपमध्ये कमी पडलेलं पाणी भरणाऱ्या पाइपवर) मीटर बसवला, तर लूप रोज नवं पाणी घेत होतं. पंपाचं मेकॅनिकल सील ठिबकत होतं. शिवाय एक्स्पान्शन टँकचा (लूपमधला दाब सांभाळणाऱ्या टाकीचा) ब्लॅडर, म्हणजे आतली रबरी पिशवी, फाटलेला. त्यामुळे वरच्या टोकाला दाब वातावरणाच्या खाली जायचा आणि ऑटो एअर व्हेंट हवा बाहेर सोडण्याऐवजी आत ओढायचा!

सील, ब्लॅडर बदलले, टाकीतला हवेचा दाब जुळवला. मग फ्लशिंग, आणि त्यानंतरच नायट्राइटचा (आमचं इनहिबिटर) डोस. सामू (पीएच) ९ ते १० दरम्यान. तांब्याच्या कॉइलसाठी वेगळं इनहिबिटर, टॉलिलट्रायझोल. लूपमध्ये अ‍ॅल्युमिनियम असतं तर एवढा सामू चालला नसता, ते त्यात विरघळतं.

नायट्राइट अर्धवट टाकणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. कमी पडलं की गंज एकसारखा न लागता ठिपक्याठिपक्यांत खोल जातो. नायट्राइटची पातळी घटली पण कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता) तशीच राहिली, तर संशय गळतीवर नको, जिवाणूंवर घ्या: गळतीत दोन्ही घटतात, जिवाणू नुसतं नायट्राइट संपवतात.

मेकअप मीटरचं रीडिंग आता रोज लिहितो. इनहिबिटरची चाचणी महिन्यातून एकदा पुरते.