चाळिशीनंतर पुन्हा कॉलेज? आधी कागद काढा

कोल्हापुरात राजारामपुरीत शिलाईचं दुकान सांभाळत मी शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून एम. ए. करतेय. प्रवेशाआधी जुनी मार्कलिस्ट, दाखला आणि आधार शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं घोडं इथंच अडतं. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन, म्हणजे त्या विद्यापीठाचा स्थलांतराचा दाखला, लागतं. एबीसी आयडी, म्हणजे आपले शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा नंबर, डिजिलॉकर या सरकारी ॲपवर निघतो.

अभ्यासाचं म्हणाल, तर आधी हात लिहिता करा. मोबाइलच्या सवयीनं बोटं लगेच आखडतात. गिऱ्हाईक नसलं की मी जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक उत्तर घड्याळ लावून लिहिते, परीक्षेच्याच पेननं. आणि परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे नकोत, हे घरी आत्ताच स्पष्ट सांगा.